बरी खेळली

रेडमंड, वॉशिंग्टन
१० जून २००७, रविवार

प्रिय मालूताई,

नमस्कार. समोर असते तर तू पायाला हात लावू दिला नसतास, म्हणून इथूनच वाकते; आता अडव बघू! भाऊजींचा खोकला, तुझे गुडघे, मिरजेचं पाणी, सगळं ठीक असेल असं धरून चालते. फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि तू मशीन कानात घालत नाहीस. मग तू नुसतं ‘हो हो’ म्हणतेस, मी ओरडते, आणि शेजारच्या गोऱ्या बाईला वाटतं आमच्याकडे भांडण पेटलंय. त्यापेक्षा कागद बरा.

इथे सध्या कापूस उडतोय. कॉटनवुड नावाची उंचच उंच झाडं आहेत, आपल्या सावरीची कुणी लांबची बहीण असावी. दिवसभर हवेत म्हाताऱ्या तरंगतात, गवतावर, गाड्यांवर, माझ्या चहातसुद्धा. आणि संध्याकाळ म्हणशील तर संपतच नाही गं. जेवणं उरकली, भांडी घासून झाली तरी खिडकीत ऊन रेंगाळतंय. मी आल्यापासून अर्धी जागी, अर्धी झोपेत असल्यासारखी वावरतेय. आधी म्हटलं विमानाचं जागरण असेल, पण आता दोन महिने होत आले, ते कसलं जागरण! दक्षिणेला रेनिअर नावाचा बर्फाचा डोंगर आहे, तोही रोज नसतो. ढगात दडून बसतो आणि एखाद्या दिवशी आकाशात अधांतरी लटकलेला दिसतो, खाली पायथाच नाही. त्या दिवशी लोक एकमेकांना सांगतात, आज डोंगर बाहेर आलाय. जसा काही शेजारी बनियन घालून अंगणात आलाय!

तर अशा या अर्धवट स्वप्नात माझी लेक फुटबॉल खेळते. खरंच सांगतेय. तुम्हाला सगळ्यांना वाटतं, कादंबरी कंपनीत बसून कॉम्प्युटर बडवते, तेवढंच. दर शनिवारी ती बूट चढवून मैदानावर जाते आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळते. ऑफिसातल्या कुणी ऑस्ट्रेलियन मुलींनी हे खूळ आणलं, आणि आता त्यांची चांगली टीम आहे. ऑक्टोबरमध्ये देशभरच्या टीमांची मोठी स्पर्धा असते. सगळ्याजणींना नेता येत नाही, त्यामुळे निवड आत्तापासून चाललीय. कादंबरीचा त्यात फार जीव आहे. भल्या पहाटे उठून पळायला जाते, पाऊस असो की थंडी.

काल पोर्टलंडच्या मुलींशी मॅच होती. चेंडू लांबट, सोललेल्या नारळासारखा, मैदानही लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून लाथाडला की सहा, बाजूनं गेला की एक. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळतात, मुठीनं ठोसून एकमेकींना देतात. लाथेनं उंच आलेला चेंडू वरच्यावर झेलला की त्याला मार्क म्हणतात, आणि त्या झेलासाठी पोरी चक्क दुसरीच्या पाठीवर गुडघा देऊन वर चढतात! शाळेत असं कुणी केलं असतं तर मी आधी पालकांना बोलावलं असतं. पण ताई, बघता बघता माझे पाय शिवशिवायला लागले. हुलकावणी तीच, सूर मारणं तेच, पाठीमागून येणाऱ्या पावलांचा कानोसा तोच. कापूस उडत होता आणि त्यातून पोरी धावत होत्या, आवाज कुठूनतरी लांबून आल्यासारखा. क्षणभर मला वाटलं आपण फलटणच्या मैदानावर आहोत आणि आत्ता कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणणार.

मॅच संपल्यावर यांची एक पद्धत आहे. सगळ्या गवतावर गोल करून बसतात आणि न खेळलेलं एक माणूस उभं राहून प्रत्येकीच्या खेळाबद्दल दोन शब्द सांगतं. मग चांगल्या खेळलेल्या तिघींना तीन, दोन आणि एक असे गुण. मध्ये कुणी बोलायचं नाही, रुसायचं नाही. एरवी हे काम त्यांच्या कोचचा नवरा करतो. कोच म्हणजे शेरिल, ऑस्ट्रेलियाची, ताडमाड बाई, आवाज असा की पोर्टलंडपर्यंत जावा. काल नवरा गावाला गेलेला, तर शेरिलनं माझ्याकडेच बोट केलं. आई राज्य पातळीवर खो-खो खेळलीय, जन्मभर शाळेत पी.टी. शिकवलीय, हे कादंबरीनं तिला सांगून ठेवलेलं असणार. मी म्हटलं, बाई गं, माझं इंग्रजी म्हणजे यस, नो आणि थँक्यू. तर म्हणे मराठीत बोला, कादंबरी इंग्रजीत सांगेल.

मग काय, माझ्यातली बाई जागी झाली! लाल केसांची एक पोर आहे, ती चेंडूकडे बघत नाही, मारणारीच्या कमरेकडे बघते, म्हणून सगळ्यांच्या आधी पोचते. तिला मी तीन दिले. दुसरी नीना. आईवडील नाशिकचे, ही इथेच जन्मलेली, मला मावशी म्हणते आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलते. ती पडायला भीत नाही पण उठायला आळस करते. तिला दोन. एक गुण एका ठेंगण्या मुलीला, कारण ती न थकता ओरडून इतरांना जागा दाखवत होती आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पोरी आ वासून ऐकत होत्या. शेरिल तर भराभर लिहूनच घेत होती. कादंबरीबद्दलही बोलले. आपलं नेहमीसारखंच. बरी खेळली म्हटलं.

बाकी ठीक. कादंबरी कालपासून जरा गप्प आहे. ऑफिसात काम फार आहे म्हणते. फोन केलास तर तिला मॅचचं काही विचारू नकोस हं. असंच आपलं.

भाऊजींना नमस्कार. आज डोंगर नाही. मी वाट बघत बसलेय.

तुझी
शोभना

·

रेडमंड
२४ जून २००७

प्रिय मालूताई,

पहिलं पत्र तुझ्या हातात पडलं असेल नसेल, तोवर हे दुसरं लिहायला घेतलंय. तब्येत ठीक, जेवण ठीक, घाबरू नकोस.

मागच्या पत्रात मी खोटं नाही लिहिलं, पण खरं दाबलं. कादंबरीबद्दल मी ‘बरी खेळली’ एवढंच नव्हतं म्हटलं. मी म्हटलं होतं, ‘आता हिचं काय सांगायचं, ही आपली आहे झालं. पाय जड पडतात, ऐन वेळी कचरते, दम कमी. हिला कसले गुण द्यायचे!’ आणि वर हसले.

तू म्हणशील, त्यात काय झालं? तेच तर. आपल्याकडे आईनं असं म्हटलं की समोरची लगेच म्हणते, ‘छे हो बाई, काहीतरीच काय! गुणाची आहे तुमची पोर.’ मग आपण ‘कसलं काय’ म्हणायचं, आणि पोरीचं कौतुक लोकांच्या तोंडून होऊन जातं, आपल्याला जीभ उचलावी लागत नाही. मी थांबले की गं त्यासाठी! कुणीतरी छे हो म्हणेल म्हणून वाट बघत उभी राहिले. एकीनंही म्हटलं नाही. आणि माझं वाक्य इंग्रजीत कोण सांगणार होतं? कादंबरीच. तिनं सांगितलं. पाय जड, ऐन वेळी कचरते, दम कमी. एक शब्द गाळला नाही, आवाज बदलला नाही, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. शेरिलनं मान डोलवली आणि लिहून घेतलं.

त्यानंतरच्या दोन्ही मॅचना कादंबरी बाहेर बसून होती. मला वाटलं पाय दुखत असेल. काल नीनानं मला गाडीतून घरी सोडलं तेव्हा कळलं. म्हणाली, ‘मावशी, शेरिल रिअली ट्रस्ट्स यू. यू सेड शी कान्ट फिनिश अ गेम.’ मी म्हटलं, अगं बोलायची रीत असते ती! तर म्हणाली, ‘आय नो. मम्मी डज इट टू. बट हाऊ वुड शेरिल नो?’

घरी येऊन मी भाजी चिरायला बसले. कादंबरी आली तेव्हा म्हटलं, अगं ते मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं, तू एवढं मनाला काय लावून घेतेस? ती पाणी पीत होती. ग्लास ठेवला आणि म्हणाली, ‘आई, शाळेत तू सगळ्यांची पी.टी.ची बाई होतीस. बाकीच्या मुलींना शाबास म्हणायचीस. मला कधीच नाही. मला वाटायचं, आईला खेळातलं कळतं, म्हणजे मी खरंच तेवढी नसणार. एवढी मोठी झालेय, नोकरी करते, घर चालवते, आणि मी चांगली खेळते की नाही हे मला अजून माहीत नाहीये.’ रडली वगैरे नाही गं. आत निघून गेली. मी सुरी हातात घेऊन बसून राहिले, मेथी तशीच.

ताई, आता तुला सांगते त्या दिवशी काय झालं होतं. पोर्टलंडच्या एका मुलीनं चेंडू उंच मारला. खाली चौघीजणी दाटीवाटीनं उभ्या. कादंबरी मागून धावत आली, कुणाला धक्का नाही, कुणाच्या पाठीवर पाय नाही, नुसतीच वर गेली. आणि खाली यायचं विसरली गं! मला शप्पथ तसं दिसलं. भोवती कापूस तरंगतोय, त्यात ती तरंगतेय, दोन्ही हात वर, चेंडू आपणहून तिच्या हातात येऊन बसला. मग हळूच खाली उतरली, जिन्यावरून उतरावं तशी. मी आयुष्यभर पोरींना उड्या मारायला शिकवलं, अशी उडी मी पाहिली नाही. माझा ऊर इतका भरून आला की मी मान फिरवून झाडांकडे बघायला लागले. वाटलं, आणखी बघितलं तर माझीच दृष्ट लागेल. आईचीच आधी लागते म्हणतात ना! म्हणून तोंडानं ते सगळं वाईटसाईट बोलले. जेवढं चांगलं दिसलं होतं, तेवढंच वाईट बोलले. तुला पहिल्या पत्रातसुद्धा लिहायला हात धजला नाही.

आपल्याला तरी कुणी म्हटलं होतं का गं? मी राज्याच्या संघात निवडले गेले तेव्हा आई काय म्हणाली आठवतंय? ‘धावून धावून फ्रॉक उसवलास, आता शिवायचा कुणी?’ आपण हसलो होतो. मला कुठे ठाऊक, ते हसू घशाखाली उतरलंच नव्हतं.

आज सकाळी नीनाला घेऊन शेरिलच्या घरी गेले. नीनानं सगळं समजावून सांगितलं. शेरिलनं माझा हात हातात घेतला, हसली, चांगुलपणानं हसली. म्हणाली, मुलीला बाहेर बसवलं की दोन आठवड्यांनी सगळ्याच आया असं सांगायला येतात. घ्या! खरं बोलले तेव्हा मला कुणी विचारेना. मग म्हणाली, पुढच्या मॅचला मी तिला थोडा वेळ खेळवते. तुम्ही बघा, आणि काय दिसेल ते सगळ्यांसमोर सांगा.

सगळ्यांसमोर! तूच सांग, पोटच्या पोरीला भर सभेत चांगलं म्हणायचं? जीभ रेटेल का माझी? पण माझं तिकीट जुलैच्या मध्यावरचं आहे. आत्ता नाही बोलले तर ती मला अशीच मुकाट्यानं विमानतळावर सोडेल, मी मुकाट्यानं विमानात बसेन, आणि पुढे जन्मभर फोनवर ‘जेवलीस का’ एवढंच उरेल. त्याची मला दृष्टीपेक्षा जास्त भीती वाटतेय.

भाऊजींना यातलं काही सांगू नकोस. ते हसतील.

तुझी
शोभना

·

रेडमंड
८ जुलै २००७

माझ्या मालूताई,

आज नमस्कार-चमत्कार राहू दे. काल व्हँकूव्हरच्या मुलींशी मॅच झाली आणि आपण हरलो. ‘आपण’ म्हणतेय बघ मी!

सकाळी दोघी गाडीनं निघालो. रस्त्याच्या कडेला तळ्यावर धुकं पडलं होतं, त्यातून एक होडी चालली होती, वल्हवणारा माणूस तेवढा दिसत होता, होडी नाहीच. मी म्हटलं, बघ किती छान. ती म्हणाली, ‘हं.’ तेवढंच आमचं संभाषण.

शेरिलनं शब्द पाळला. शेवटच्या पाव भागात कादंबरीला आत घेतलं. आणि बाई, पहिलाच सोपा चेंडू हातातून सुटला! समोरच्या मुलीनं उचलला आणि सहा गुण घेऊन टाकले. मी डोळे मिटले. वाटलं, झालं, आता काय कपाळ बोलणार मी? खोटं तर बोलायचं नाही. गेल्या वेळी खोटं बोलूनच तर हे सगळं झालं.

मग उघडले डोळे. म्हटलं, शोभना, तू बाई आहेस ना पी.टी.ची? बघ नीट. आणि मी बघितलं. ताई, आजवर मी तिच्याकडे नेहमी चोरून बघितलं, दुधाकडे मांजर बघतं तसं. काल पहिल्यांदा सरळ, न घाबरता, मन भरेपर्यंत बघितलं. डोंगर बाहेर आला होता. गवत इतकं हिरवं की डोळ्यांत पाणी यावं. ती धावत होती आणि तिच्या धावण्यात माझी चाल होती गं, डावा खांदा किंचित पुढे. एवढी वर्षं माझ्या घरात माझी चाल चालत होती आणि मी बघितलीच नाही. तिनं दोघींना हूल दिली, समोर खांब मोकळे होते, स्वतः मारता आला असता. पण नीना जास्त जवळ होती, तिला दिला. नीनानं मारला, सहा आले, सगळ्या नीनाला मिठ्या मारत सुटल्या. कादंबरी लगेच वळून आपल्या जागेवर निघून गेली, जसं काही झालंच नाही. शिट्टी वाजली तेव्हा थोडक्यासाठी हरलो होतो.

गोल करून बसल्या. शेरिलनं मला हाक मारली. कादंबरी शेजारी येऊन उभी राहिली, इंग्रजीत सांगायला, खाली मान घालून. गुडघ्याला माती. मी एकेकीबद्दल बोलत गेले, ती सांगत गेली. शेवटी तिची पाळी आली. सगळ्या पोरी माझ्याकडे बघतायत, आणि माझ्या मनात आईचा आवाज, बोलू नकोस, बोलू नकोस.

बोलले. म्हटलं, ‘ही पहिला चेंडू सोडते, कारण हिला वाटतं सगळे हिची चूक बघायला बसलेत. ती सवय माझ्यामुळे लागलीय, तो दोष हिचा नाही. त्यानंतर हिनं एक चूक केली नाही. हिच्याइतकं मैदान इथे कुणालाच दिसत नाही. स्वतःचे सहा सोडून दुसरीला देणं मी राज्याच्या संघातही फार थोड्यांकडे पाहिलं. आणि हिच्यासारखी उडी तर मी आयुष्यात पाहिलेली नाही. मी हिला कधी सांगितलं नाही, कारण मला भीती वाटते. माझी मुलगी फार चांगली खेळते. आजचे तीन गुण तिचे.’

सगळ्या कादंबरीच्या तोंडाकडे बघायला लागल्या. तिनं गुडघ्यावरची माती झटकली. मग म्हणाली, ‘शी सेज आय प्लेड ओके.’

ऐकलंस? स्वतःबद्दलचं वाईट तिनं शब्दन्‌शब्द सांगितलं होतं, आणि चांगलं सांगायची वेळ आली तेव्हा ‘ओके’! माझीच पोर शेवटी. नीनाला सगळं कळलं होतं, ती तोंडावर हात ठेवून बसली. तेवढं इंग्रजी मलाही कळतं गं. मी म्हटलं, ‘कादंबरी, मी एवढंच नाही बोलले. सगळं सांग.’

‘आई, प्लीज.’

‘एक शब्द गाळायचा नाही. त्या दिवशी गाळला होतास का?’

आणि मग तिनं सांगितलं. थांबत थांबत, जमिनीकडे बघत. उडीचं सांगितलं. माझ्या भीतीचं सांगितलं. शेवटचं वाक्य आलं, माय मदर सेज, आणि आवाज फुटला. पुन्हा म्हणाली, माय मदर सेज आय ॲम व्हेरी गुड. असं आपल्याच तोंडानं, सगळ्यांच्या देखत. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लाल केसांची ती पोर उठली आणि तिला धरून उभी राहिली. शेरिल तोंड फिरवून चेंडू पिशवीत भरायला लागली. ऑक्टोबरला नेणार का, ते ऑगस्टमध्ये ठरेल म्हणे. नेईलही, नाहीही. सोडलेला तो चेंडू तिनंही बघितलाय.

घरी येताना मला आत धाकधूक सुरू झाली. एवढं बोलून बसले, आता हिला काही झालं तर? गाडी चालवताना, पळताना, कुठे? तोंडावर काही दिसू दिलं नाही, कुकर लावायला घेतला.

तर ही आली. आंघोळ नाही, कपडे बदललेले नाहीत. स्वयंपाकघरात स्टूल ओढलं, पूर्वेकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, ‘आई, मीठ-मोहऱ्या घे.’

मी म्हटलं, ‘अगं, तू मानतेस हे?’

‘नाही मानत. पण तू आज एवढ्या माणसांत बोललीस. तुला झोप नाही यायची.’

ताई, निम्म्या मोहऱ्या माझ्या हातून फरशीवर सांडल्या. खिडकीतून ऊन येत होतं, तिच्या केसांत गवताची काडी अडकलेली. मी मूठ तिच्यावरून उतरवत गेले. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, पोर्टलंडवाल्यांची, व्हँकूव्हरवाल्यांची. ती डोळे मिटून हसत होती. आणि सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर मी म्हटलं, ‘आणि हिच्या आईची.’ तेव्हा तिनं माझा हात धरला, मुठीसकट.

पुढच्या रविवारी निघतेय. मिरजेला दोन दिवस तुझ्याकडे येईन.

जिची मुलगी फार चांगली खेळते, ती,
तुझी शोभना